मदत घेतली की मत गेलं

इंग्लंडमध्ये १८३४च्या गरिबांच्या मदतीविषयीच्या कायद्यानंतर मदत मागायला आलेल्या धडधाकट गरिबाला वर्कहाउसची, म्हणजे काम करून घेऊन आसरा देणाऱ्या संस्थेची, वाट दाखवली जाई. तिथे नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळ्या भागांत ठेवत. अंगावरचे कपडे काढून घेऊन संस्थेचे कपडे देत. आतलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही वाईट असावं, हे ठरवून केलेलं धोरण होतं. शिवाय अशी मदत घेणाऱ्याचा मतदानाचा हक्क जाई. ही तरतूद १९१८पर्यंत टिकली.

समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी १९४९च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांत नेमकं यावर बोट ठेवलं. नागरिक म्हणून मदत मिळत नव्हती, नागरिकत्व गहाण टाकून मिळत होती. याउलट १ जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झालं. उत्पन्नाची आणि वर्तनाची अट त्यातही होती, पण पैसे पोस्टात मिळत आणि मत शाबूत राही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने तर सामाजिक सुरक्षा हा प्रत्येकाचा हक्कच मानला.

तरी ‘फक्त खऱ्या गरजूंनाच द्या’ हा आग्रह सुटत नाही. ऐकायला तो रास्तही वाटतो. वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडनच्या अभ्यासकांनी १९९८ साली श्रीमंत देशांची तुलना मांडली, तेव्हा चित्र उलटंच निघालं. निव्वळ गरिबांसाठी योजना आखणाऱ्या देशांत विषमता कमी घटली होती, सर्वांना सामावून घेणाऱ्या देशांत जास्त. कारण सरळ राजकीय आहे. ज्या योजनेतून मध्यमवर्गाच्या पदरात काहीच पडत नाही, तिच्यासाठी कर भरताना तो कुरकुरतो, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते. नंतरच्या आकडेवारीत हा संबंध बराच सैल दिसला, तेव्हा याला नियम म्हणू नये. पण गरिबी सिद्ध करायला लावण्याचे तोटे त्याने पुसले जात नाहीत. लाजेपायी किंवा कागदपत्रांच्या कटकटीपायी कित्येक पात्र माणसं अर्जच करत नाहीत. शिवाय मिळकत जरा वाढली की मदत बंद, मग जास्तीचं काम करून हाती उरतं काय?

आता तपासणी संगणकाकडे गेली आहे. नेदरलँड्समध्ये कर खात्याने पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक केल्याचा ठपका हजारो पालकांवर चुकीने ठेवला. संशयित निवडणारी प्रणाली अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही पाहत होती. सही राहिल्यासारख्या क्षुल्लक चुकीवरून अख्खं अनुदान परत मागितलं गेलं, काहींना लाखाच्या घरात युरो भरायला सांगितलं. घरं मोडली, संसार मोडले. जानेवारी २०२१मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भरपाईसाठी मात्र पालकांना पुन्हा त्याच खात्याकडे नाव नोंदवावं लागलं.