प्रदर्शनातल्या गाडीची चकाकी: व्हार्निशपासून क्लिअर कोटपर्यंत

घरच्या घरी गाडीच्या रंगाला प्रदर्शनात शोभेल अशी झळाळी आणायची म्हटलं की सल्ले भरपूर मिळतात, आणि त्यातले निम्मे एकमेकांना छेद देणारे असतात. कुणी म्हणतं, दर वर्षी रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारी खरखरीत पेस्ट, मारून घ्या. कुणी म्हणतं, कंपाउंडला हातही लावू नका. माझ्या मते दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या काळातल्या रंगांसाठी आहेत. रंग बदलत गेला, पण त्याला हाताळायच्या सवयी मात्र मागच्या पिढीकडून जशाच्या तशा पुढे आल्या.

सुरुवातीच्या मोटारी रंगवल्या त्या घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिरांनीच. तेलात कालवलेले रंग, त्यावर व्हार्निशचे थर, आणि सगळं काम ब्रशने. एकेक थर सावकाश वाळायचा. वाळला की प्युमिस दगडाची बारीक पूड आणि पाणी घेऊन तो सपाट घासायचा, मगच पुढचा थर. शेवटच्या थरावर धूळ बसू नये म्हणून खोलीची जमीनसुद्धा ओली करून ठेवत. अशी गाडी पूर्ण व्हायला कित्येक आठवडे जात. त्या रंगाला खोली असायची, पण ऊन लागलं की व्हार्निश पिवळं पडायचं आणि तडकायचं. फोर्डने 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागे हाच हिशोब होता: भट्टीत भाजलेलं काळं इनॅमल स्वस्त पडायचं आणि टिकायचं.

खरा बदल घडवला नायट्रोसेल्युलोज लॅकर या झटपट वाळणाऱ्या रंगाने. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बिनधुराच्या दारूगोळ्यात वापरतात तेच रसायन. ड्यूपाँ कंपनीचं ‘ड्यूको’ लॅकर जनरल मोटर्सने 1924 सालच्या आपल्या ओकलंड या ब्रँडच्या गाड्यांवर निळ्या रंगात आणलं. ब्रशऐवजी स्प्रे गन आली आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. ताजं मारलेलं लॅकर मात्र दिसायला मंदच असतं. त्यातलं थिनर उडून जातं आणि मागे पातळ, किंचित खडबडीत थर उरतो. तो पाण्याच्या पॉलिश पेपरने सपाट करायचा, मग कंपाउंडने घासायचा, मग पॉलिश करायचं, तेव्हा कुठे चमक यायची. म्हणजे घासणं हा रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता. शिवाय लॅकरचा नवा थर खालच्या थराला थोडं विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे हवे तितके थर चढवता यायचे आणि पुन्हा पुन्हा घासलं तरी माल शिल्लक असायचा.

हे लॅकर उन्हात भुकटायचं. फडका फिरवला की गाडीचाच रंग त्यावर उतरायचा. म्हणून वर्षातून एकदा कंपाउंडने मेलेला थर काढायचा आणि वर मेण लावायचं, ही रीत पडली. मेणात मानाचं स्थान कार्नौबाला, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणाऱ्या मेणाला. ते टणक असतं आणि 80 अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. फर्निचरच्या पॉलिशपासून 1901 मध्ये सुरू झालेली मेग्वायर्स आणि 1910 मध्ये शिकागोत सुरू झालेली सिमोनाइझ या दोन नावांनी ही कामं गाडीमालकाच्या हातात दिली.

प्रदर्शनांनी या घासण्याला प्रतिष्ठा दिली. कॅलिफोर्नियातलं पेबल बीच कॉन्कूर, म्हणजे देखण्या गाड्यांची स्पर्धा-प्रदर्शन, 1950 मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिला मान नव्या गाड्यांना मिळायचा. 1955 मध्ये फिल हिल याच्या 1931 च्या पिअर्स-ॲरो गाडीने सर्वोत्कृष्ट गाडीचा किताब जिंकला. पुढे 1961 मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तोच हा हिल. जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्याची परंपरा त्यानंतर जोर धरत गेली. त्याच सुमारास हौशी मंडळी गाड्यांवर लॅकरचे डझनावारी थर चढवून प्रत्येक थर हाताने घासत होती. ‘जितकं घासाल तितकं चमकेल’ ही समजूत तिथली आहे, आणि तेव्हा ती चुकीची नव्हती.

ती मोडली मेटॅलिक रंगांनी. या रंगात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. घासताना त्या कापल्या गेल्या की पृष्ठभागावर डाग पडतात. त्यावर उपाय म्हणजे खाली रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. ही पद्धत 1970 च्या दशकात युरोपात रुळली आणि 1980 च्या दशकात अमेरिकेत पसरली. आता चमक वरच्या पारदर्शक थराची असते, आणि हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्यातच असतात. जड कंपाउंड आणि लोकरीचा मॉप फिरवला की काही मायक्रॉन सहज जातात. गेलेला थर पुन्हा रंगवल्याशिवाय परत येत नाही. दर वर्षी कंपाउंड मारण्याचा सल्ला आजच्या गाडीला म्हणूनच घातक आहे.

क्लिअर कोटचा दुसरा त्रास म्हणजे स्वर्ल मार्क्स, म्हणजे बारीक ओरखड्यांची वलयं. अंधाऱ्या जागेत बोनेटवर एकच प्रखर दिवा धरा, त्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलयं दिसतील. ओरखडे वास्तविक सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या किरणांना आडवे गेलेले तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. बहुतेक ओरखडे धुताना आणि पुसताना पडलेले असतात. स्पंजात अडकलेला वाळूचा एक कण पुरतो. साबणाची एक आणि फडका खळबळायला साध्या पाण्याची दुसरी, अशा दोन बादल्या घेण्याची पद्धत याचसाठी आहे, आणि मला ती कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा मोलाची वाटते.

पुढची साधनं याच पातळ थराला सांभाळण्यासाठी आली. एका जागी गरगर फिरणाऱ्या पॉलिशच्या रोटरी मशीनखाली उष्णता साठते आणि कडेचा रंग जळतो. ड्युअल ॲक्शन मशीनचा पॅड फिरता फिरता झोकेही घेतो, त्यामुळे नवख्याच्या हातूनही रंग सहसा जळत नाही. जपानमधून आलेला क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, 1990 च्या दशकात घरोघरी पोचला. धुतलेल्या बोनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवली तर रुतलेले कण खरखरीत लागतात. पाणी-साबणाने न निघणारे हे कण क्ले उचलतो. तो मारताना पृष्ठभाग सतत ओला हवा आणि मातीचा गोळा वारंवार मुरडून स्वच्छ बाजू वर आणायला हवी. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा गाडीला लावू नये.

गाडी बनवणाऱ्यांनीही हात चालवला. मर्सिडीजने 2003 मध्ये नॅनो कणांचा, ओरखड्यांना अधिक दाद न देणारा क्लिअर कोट आणला. त्याच दशकात निसानचा रंग आला, ज्यातले बारीक ओरखडे काही काळाने आपोआप भरून निघतात. मेणाची जागा आधी कृत्रिम सीलंटने (रंगावर संरक्षक थर देणाऱ्या द्रव्याने) आणि मग सिरॅमिक कोटिंगने घेतली. सिलिकावर आधारित हे कोटिंग मेणापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतं आणि त्यावरून पाणी थेंबाथेंबाने घरंगळतं. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच असते. खाली जे स्वर्ल आहेत ते कोटिंगखाली तसेच बंद होतात, म्हणून आधी पॉलिश करून ते काढावे लागतात. आणि वाळूचा कण अडकलेला फडका कोटिंगवरही ओरखडा पाडतोच.