पायाचा आधार: तात्पुरता कुठवर, कायमचा केव्हापासून

बधिर तळव्यावरचा भार हलका करण्याची पद्धत आपल्याकडे मधुमेहाच्या दवाखान्यांतून नव्हे, कुष्ठरोगाच्या कामातून रुळली. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम 1955 साली सुरू झाला. त्याच सुमारास दक्षिणेतल्या रुग्णालयांतून जखमेला प्लास्टर आणि बऱ्या पायाला एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक छिद्रांचं रबर) चप्पल ही जोडी ठरत गेली. आत साधारण 10 मिमी जाड, शोर या कडकपणाच्या मापावर 15 च्या आसपासचं मऊ रबर, खाली कडक तळ, टाचेमागे पट्टा. खिळा एकही नाही, कारण तो घुसला तरी बधिर पायाला कळत नाही. पुढे मधुमेहाचे पाय वाढले, पायाचा साचा घेऊन केलेले ईव्हीएचे (हलक्या फोमचे) इनसोल, म्हणजे बुटाच्या आतले तळ, आले. दोन टप्प्यांचा हिशोब मात्र तोच राहिला.

वाद आहे तो पहिल्या टप्प्याचा: पक्कं प्लास्टर की काढता येणारा बूट? 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत 12 आठवड्यांत पक्क्या प्लास्टरने सुमारे 90 टक्के जखमा भरल्या, काढत्या बुटाने 65 टक्के. कारण 2003 मध्ये मोजलं गेलं. रुग्ण चालतो त्यातलं जेमतेम 28 टक्के चालणं बुटात होतं. न्हाणीत, चुलीपाशी, रात्री उठताना पाय उघडाच. 2005 मध्ये मग त्याच बुटावर बँडेज गुंडाळून तो ‘बंद’ केला, तर निकाल प्लास्टरच्या जवळ गेले. आज आंतरराष्ट्रीय सूचनाही गुडघ्यापर्यंतच्या, न काढता येणाऱ्या साधनाला पहिली पसंती देतात.

तरी बीड-धाराशिवकडे कच्चं प्लास्टर (बँडेजने बांधलेली अर्धी पट्टी) नाहीतर फेल्टचं (जाड नमद्याचं) पॅडच जास्त दिसतं. पक्कं प्लास्टर सूज उतरली की ढिलं पडून घासतं. म्हणून पहिलं दोन-तीन दिवसांत, पुढची आठवड्याला बदलावी लागतात. दसरा-दिवाळीला टोळी ऊसतोडीला निघाली की हे कोण करणार? रक्तपुरवठा कमी असेल किंवा पू असेल तर पाय असा बंद करणं धोक्याचंच. या अडचणी खऱ्या आहेत. पण पुष्कळदा खरी अडचण प्लास्टर घालणारा सरावाचा हात नसणं ही असते, आणि खापर फुटतं रुग्णाच्या ‘ऐकत नाही’वर.

फेल्ट वापरायचंच तर जखमेभोवती पूर्ण कडं करू नये, कडेची सूज भोकात फुगते. यू आकार कापावा, उघडं तोंड बोटांकडे. तीन-चार दिवसांत ते दबतं. त्यानंतर चिकटलेलं असलं तरी उपयोग फारसा राहत नाही.

कायमच्या इनसोलचा साचा सूज असताना घेतला की महिन्याभरात तो सैल पडतो. दुसरी चूक कातडी मिटली त्याच दिवशी प्लास्टर सोडण्याची. नवी कातडी कच्ची असते, आणि भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षाच्या आत पुन्हा उघडतात. इनसोल तयार होऊन हातात येईपर्यंत भार उतरवलेलाच ठेवावा. बुटाच्या आतला सर्वाधिक दाब 200 किलोपास्कलच्या खाली, किंवा आधीच्या बुटापेक्षा निदान 30 टक्के कमी, हे उद्दिष्ट. यंत्र नसेल तर शाईच्या चटईवरचा ठसा दाब कुठे जास्त ते दाखवतो, आकडा देत नाही.

‘कायमचा’ इनसोलही दबतोच. दर फेरीला अंगठ्याने दाबून पाहावा. जुन्या जखमेखाली खड्डा राहिला तर बदलावा. आणि जाड इनसोल रोजच्या बुटात कोंबू नये. बोटं वर दाबली जाऊन नवी जखम बोटाच्या पाठीवर होते. आधी खोल बूट, मग इनसोल.