चाकूची पाठ वाचताना

जुना घडीचा चाकू हातात आला की बहुतेक जण आधी धारेवरून अंगठा फिरवतात. चाकू ओळखायचा असेल तर मात्र धारेवर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा. निसण्यावर प्रत्येक वेळी घासली की ती थोडी मागे सरकते, आणि रोजच्या वापरातल्या चाकूचं पातं चाळीस-पन्नास वर्षांत निम्म्यावर येतं. पाठ सहसा कोणी घासत नाही. कारागिराने तिला दिलेला बाक शंभर वर्षांनीही जागेवर असतो.

हे लिहायला निमित्त झालं पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला एक चाकू. हाडाची पिवळट मूठ, काळसर पडलेलं एकच पातं, बुडाशी झिजलेल्या अक्षरांत ‘शेफील्ड’, म्हणजे चाकूंसाठी नावाजलेलं इंग्लंडमधलं शहर. पात्याचं टोक बोथट, पाठीकडून धारेकडे उतरलेलं. विक्रेत्याने सांगितलं, ‘ब्रिटिश मिलिटरीचा आहे.’ त्याचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. ब्रिटिश फौजेच्या चाकूचं पातं अशाच बोथट टोकाचं असायचं. पण फौजेचा चाकू जाडजूड असतो, त्यावर सरकारी मालकीचा बाणाचा शिक्का असतो, आणि बहुधा दोरखंडाच्या गाठी सोडवायचा दाभण व डबा उघडायचं पातंही असतं. माझा चाकू सडपातळ होता. मग तो कशाचा? त्याचं उत्तर पाठीत होतं आणि मुठीतल्या रिकाम्या जागेत होतं. तिथे पोचायला थोडं मागे जावं लागेल.

घडीच्या चाकूपुढे एक अडचण असते, जी स्वयंपाकघरातल्या सुरीपुढे नसते. चाकू मिटला की धार मुठीच्या खाचेत आत जाते आणि पाठ बाहेरच्या बाजूला राहते. पाठ शेवटपर्यंत सरळ ठेवली, तर अणकुचीदार टोकही त्याच रेषेत, म्हणजे मुठीच्या तोंडाशी येईल. मग ते खिसा फाडेल, बोटात घुसेल. तेव्हा टोक आत लपवायला हवं, आणि त्यासाठी पाठ शेवटी कुठेतरी खाली उतरायला हवी. ती कशी उतरते यावरून पात्यांना नावं पडली आहेत.

टोकाकडे पाठीचा अर्धचंद्रासारखा तुकडा कापून काढला की ‘क्लिप पॉइंट’. टोक बारीक होतं, भोसकायला आणि चामड्याला छिद्र पाडायला बरं. पाठ आणि धार दोन्ही सारख्या बाकाने मध्यावर येऊन भेटल्या की भाल्याच्या फाळासारखा ‘स्पिअर पॉइंट’. धार सरळ ठेवून पाठच शेवटी झपकन वळवून धारेला टेकवली की ‘शीप्सफूट’, मेंढीच्या खुरासारखा. याला टोकच नाही, म्हणून हलत्या जहाजावर दोर कापणाऱ्या खलाशाला तो सोयीचा. पाठीचा हाच उतार लांबवर, सावकाश आला तर ‘व्हार्नक्लिफ’. हे नाव एका ब्रिटिश लॉर्डवरून आलं. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या चाकूत बहुधा तीन पाती असतात: क्लिप, शीप्सफूट आणि ‘स्पे’. स्पेचं टोक मुद्दाम बोथट आणि किंचित वर वळलेलं असतं. वासरं खच्ची करताना चुकून खोल जखम होऊ नये म्हणून.

आणि एक इवलंसं पातं, ‘पेन ब्लेड’. पिसाच्या लेखणीला टोक काढायला ते होतं, म्हणून खिशातल्या छोट्या चाकूचं नाव पेननाइफ पडलं. आपल्याकडे बोरूला टोक काढायला असाच चाकू लागायचा. कोकणातल्या रोपवाटिकेत आंब्याचं पाचर कलम भरताना लागतो तोही घडीचाच चाकू. लिहायचं कलम आणि झाडाचं कलम, चाकू दोन्हींना लागतो.

आता झिजेकडे. पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, धार न लावलेला एक छोटा चौकोनी भाग असतो. तिथली रुंदी ही मूळ रुंदी. बूड १४ मिलिमीटर रुंद आणि मध्यावर पातं १० मिलिमीटर असेल, तर ४ मिलिमीटर पोलाद निसण्याने खाल्लं हे उघड आहे. झिजून टोक वर सरकलं की मिटलेल्या चाकूतूनही ते डोकावू लागतं. तेव्हा काही जण एक युक्ती करतात. बुडाशी धारेच्या बाजूला एक उंचवटा असतो, त्याला ‘किक’ म्हणतात. मिटताना तो मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगवर टेकतो आणि धार स्प्रिंगवर आपटत नाही. तो उंचवटा कानसीने घासला की सगळं पातं खाली बसतं आणि टोक लपतं. पण मग नख अडकवायची खाच अर्धी मुठीत बुडते आणि धारेच्या मधोमध आपटल्याची खूण उठते. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर चाकूवर दुरुस्ती झाली आहे असं मी धरतो.

खरं प्रेम मात्र माझं त्या स्प्रिंगवर आहे. जुना शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा चांगला चाकू उघडताना ‘टक्’, अर्ध्यावर थांबा, पुन्हा ‘टक्’ असा आवाज येतो. आत खटका नाही, कुलूप नाही. आहे ती फक्त मुठीच्या पाठीला बसवलेली पोलादाची पट्टी आणि पात्याचं चौकोनी बूड.

कागदावर एक चौरस काढा आणि त्याच्या मधोमध एक ठिपका. ठिपका म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं तो खिळा. चौरसाच्या एका बाजूतून पातं बाहेर गेलं आहे, उरल्या तीन बाजू मोकळ्या. स्प्रिंगपट्टी यांपैकी एका बाजूवर सपाट दाबून बसलेली असते. चाकू मिटलेला असताना पहिली बाजू, काटकोनात अर्धा उघडला की दुसरी, पूर्ण उघडला की तिसरी. आता अंतरं मोजू. ठिपक्यापासून बाजूचं अंतर ३ मिलिमीटर धरा. ठिपक्यापासून कोपऱ्याचं अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने ३ गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ४.२ मिलिमीटर. पातं फिरवताना कोपरा पट्टीखालून जातो, तेव्हा पट्टीला १.२ मिलिमीटर वर उचलावं लागतं. तेवढी ऊर्जा तुमचं बोट पट्टीत साठवतं. कोपरा ओलांडला की पट्टी ती परत करते आणि पुढची सपाट बाजू स्वतःकडे ओढून घेते. तोच ‘टक्’. कोपरे थोडे गोल केलेले असतात, म्हणून खऱ्या चाकूत उचल जरा कमी असते. बूड चौकोनीऐवजी गोलसर घडवलं तर मधला थांबा नाहीसा होतो. चाकू अर्ध्यावर थांबतो की नाही, हीसुद्धा ओळखीची एक खूण आहे.

पट्टी किती ताठ हे कशावर ठरतं? एका टोकाला जखडलेल्या तुळईचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. पट्टी १० टक्के जाड केली तर १.१ चा घन १.३३१, म्हणजे ताठपणा ३३ टक्क्यांनी वाढला. जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून इथे कानशीचे दोन-चार हात कमी-जास्त झाले तर एक चाकू नख मोडतो आणि दुसरा खिशात आपोआप उघडतो. शेफील्डमध्ये एकेकट्या खोलीत काम करणारे कारागीर होते, त्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. ते पट्टी आणि बूड एकमेकांना जुळेपर्यंत हाताने घासत. चाकू मिटलेला, अर्धा उघडा आणि पूर्ण उघडा असताना मुठीच्या पाठीवरून नख फिरवा. तिन्ही वेळा पट्टी मुठीशी सपाट लागली, कुठेही वर-खाली झाली नाही, तर तो हात वाकबगार होता.

पट्टी मोडत का नाही आणि पातं वाकत का नाही? दोन्ही कार्बनी पोलादच. ते सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून एकदम थंड करतात. आपले लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. तापलेल्या लोखंडाच्या जाळीत विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो तिथेच अडकतो आणि जाळी ताणली जाते. असं पोलाद अतिशय कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. चकचकीत पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसू लागतात. सुमारे २२० अंशांना गवती पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, ३०० ला निळा. हे प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचे रंग आहेत. थराची जाडी बदलली की रंग बदलतो, म्हणून तापमापक नसतानाही कारागिराला तापमान कळायचं. पातं पिवळ्यावर थांबवायचं, धार टिकावी म्हणून. पट्टी निळ्यापर्यंत न्यायची, लवचिक व्हावी म्हणून. पोलादाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नीट पाहिली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी, १८६०च्या दशकात, याच शेफील्ड शहरात.

पाण्याविषयी मात्र भाकडकथा फार आहेत. अमुक विहिरीचं पाणी, तमुक नदीचं पाणी. बाराव्या शतकातल्या एका युरोपीय हस्तलिखितात तर लाल केसांच्या मुलाचं मूत्र वापरा असं सांगितलं आहे. यात केसांच्या रंगाचा संबंध नाही. तापलेल्या पोलादाभोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि ते थंड होणं लांबवतं. पाण्यात क्षार असले तर हे आवरण लवकर फुटतं आणि पोलाद झपाट्याने थंड होतं. मिठाच्या पाण्यानेही तेच साधतं. बाळंतिणीच्या उशाशी सटवाईच्या भीतीने सुरी किंवा विळा ठेवतात, त्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं: लोखंडात राखण करायची कसलीही शक्ती नाही, आणि नवजात बाळाच्या डोक्याशी धारदार वस्तू ठेवणं धोक्याचं आहे.

वय ठरवायला शिक्के मदत करतात. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली आयात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. म्हणून ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ कोरलेला चाकू सहसा त्यानंतरचा. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्ये क्रोमियमयुक्त न गंजणारं पोलाद ओतलं ते १९१३ मध्ये. तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल आणि विकणारा राणी व्हिक्टोरियाचा (१९०१ पर्यंतचा) काळ सांगत असेल, तर तो चुकतो आहे. पेनसिल्व्हेनियातल्या केस कंपनीने १९७० मध्ये नावाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका काढला. पाच ठिपके म्हणजे १९७५. संग्राहकाला याहून सोपं काही मिळत नाही.

आधुनिक चाकूंविषयी थोडक्यात. १९६४ च्या सुमारास आलेल्या ‘बक ११०’ या अमेरिकी चाकूने पातं उघडल्यावर अडकवणारी पाठीची कळ लोकप्रिय केली, आणि १९८१ मध्ये स्पायडरको कंपनीने पात्याला गोल भोक पाडून एका अंगठ्याने चाकू उघडायची सोय केली. नखाची खाच गेली, अर्ध्यावरचा थांबाही बहुतेक गेला. पाठीचा उतार मात्र राहिला, कारण टोक अजूनही लपवावंच लागतं.

सध्या ऑनलाइन ‘दमास्कस’ चाकूंचं पेव फुटलं आहे, त्याबद्दल सावध करतो. जुनं दमास्कसचं पोलाद म्हणजे भारतात मुशीत वितळवलेलं वुट्झ. त्यातली नक्षी पोलाद सावकाश थंड होताना आणि घडवताना कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाच्या, कणांच्या रांगा लागून तयार होते. आजचं दमास्कस म्हणजे दोन वेगळी पोलादं ठोकून एकजीव केलेली आणि आम्लात बुडवून नक्षी उठवलेली. तेही कसबाचं काम आहे. पण स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ चाकूंवर नक्षी नुसती वरून कोरलेली असते. पॉलिशपेपरने घासली की ती जाते आणि आम्लात बुडवूनही परत येत नाही.

मुठीची काळजी वेगळी. जुन्या चाकूंची मूठ रंगीत, पारदर्शक झाक असलेल्या सेल्युलॉइडची असेल तर तो चाकू इतरांपासून दूर ठेवा. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते वयानुसार विघटित होतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात आणि ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं. एका मुठीमुळे पेटीतली दहा पाती गंजलेली मी पाहिली आहेत. शेफील्ड आणि झोलिंगेनच्या मुठींसाठी एकेकाळी भारतातून सांबराची शिंगं जात. आज आपल्याकडे त्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा अशी मूठ दिसली तर विकत घेऊ नका.

आता माझा चाकू. मिटलेल्या मुठीत पातं जवळजवळ शेवटपर्यंत पोचायला हवं. कारागीर मूठ आणि पातं एकाच मापाने करतो. माझ्या चाकूत पुढे जवळपास एक सेंटिमीटर जागा रिकामी होती. भिंगाखाली पाठीचा शेवटचा उतार पाहिला, तर तिथले ओरखडे जाडसर आणि आडवेतिडवे होते. बाकीच्या पाठीवरचं काम बारीक होतं आणि टोकाकडे जाताना ती हलक्या बाकाने उतरायला लागली होती. तो बाक पेन्सिलने कागदावर पुढे वाढवला, धारेचा बाकही वाढवला. दोन्ही रेषा पात्याच्या मध्यावर, बरोबर त्या रिकाम्या जागेच्या शेवटाशी भेटल्या. तो स्पिअर पॉइंट होता. टोक कधीतरी मोडलं, आणि कोणीतरी तो फेकून न देता सहाणेवर पाठ उतरवून पुन्हा वापरात आणला. स्प्रिंगपट्टी तिन्ही वेळा अजून मुठीशी सपाट लागते.