मासळीची नोटीस आली तर: ‘दक्षता घेतली होती’ हा बचाव कुणाला मिळतो, कोणत्या कागदांवर मिळतो

‘माल गोव्याहून आला होता, त्यात काय घातलंय ते मला काय ठाऊक?’

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले मासळीविक्रेते अन्न सुरक्षा खात्याच्या नोटिशीला उत्तर लिहून घ्यायला येतात, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. माणूस खरं बोलत असतो. तरीही हे वाक्य उत्तरात गेलं की उत्तर फेटाळलं जातं आणि दंड बसतो. कारण कायदा तुम्हाला ‘माहीत होतं का’ एवढंच विचारून थांबत नाही. असं घडू नये म्हणून तुम्ही आधी काय केलं होतं, हे तो विचारतो. आणि त्याचा पुरावा खात्याच्या माणसाने तपासणीसाठी मासळीचा नमुना घेतला त्या तारखेच्या आधीचा लागतो. नोटीस आल्यावर जमवलेले कागद कितीही नीटनेटके असले तरी त्यांवरची तारीख सगळं सांगून टाकते.

या बचावाचं कायद्यातलं घर म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ८०. गुन्हा घडू नये म्हणून सगळी वाजवी खबरदारी घेतली आणि पुरेशी दक्षता दाखवली, हे आरोपीने सिद्ध केलं तर त्याची सुटका होऊ शकते. ‘आरोपीने सिद्ध केलं तर’ हे शब्द नीट वाचा. इथे ओझं आपल्यावर आहे. फिर्यादी पक्षाला लागतो तितका निर्विवाद पुरावा आपल्याला लागत नाही, आपलं म्हणणं अधिक संभवनीय वाटलं तरी पुरतं. पण कोऱ्या हाताने ते वाटत नाही.

आता हा कायदा कुणाला लागतो ते पाहू, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. कलम १८ प्रमाणे मच्छीमाराला त्याच्या मासेमारीच्या कामात हा कायदा लागत नाही. घटप्रभेवर हिडकलच्या पाण्यात स्वतः जाळं टाकणारा यातून बाहेर. मात्र त्याच्याकडून पाटीभर मासे घेऊन बाजारात बसणारी बाई, आंबोली घाटातून किंवा चोर्ल्याने माल आणणारा टेम्पोवाला व्यापारी, बर्फावर साठा करणारा घाऊकवाला हे सगळे आत. ‘आमची जातच मासेमारीची, आम्हाला माफी आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माफी जातीला नाही, पकडण्याच्या कामाला आहे. माल दुसऱ्याच्या हातात गेला की ती संपली. तुम्ही आत असाल तर आधी फॉसकॉस या अन्न परवान्याच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी किंवा परवाना बघा. तो नसताना दक्षतेच्या गोष्टी सांगायला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

धरणात परवान्यावर मासेमारी करणाऱ्याला, मग ते हिडकल असो की नविलुतीर्थ, नोटीस येते ती मत्स्य खात्याची, १९९६ च्या कर्नाटक अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्याखाली. तिथे कलम ८० चं नाव घेऊन उपयोग नाही. तिथे उत्तर द्यायचं ते परवान्यावरच्या शर्ती एकेक करून समोर ठेवून. या दोन नोटिसा एकच समजून एकाच मजकुराची उत्तरं दोन्हीकडे दिलेली मी पाहिली आहेत. दोन्हीकडून परत आली.

आणखी एक नवं दुखणं सुरू झालंय. मुलं मोबाईलवर इंग्रजीत शोधतात, तिथे कॅनडाच्या मासेमारी कायद्याची माहिती मिळते, तिचं भाषांतर करून उत्तरात चिकटवतात. कॅनडात हा विचार खरोखरच खोलवर झालेला आहे. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे सू सेंट मरी या शहराचा खटला होता. शहराने कचरा टाकायचं काम कंत्राटदाराला दिलं, त्या कचऱ्याने पाणी दूषित झालं. न्यायालयाने असे नियमभंग वेगळ्या वर्गात घातले: कृत्य सिद्ध झालं की पुरे, हेतू सिद्ध करायला नको, मात्र वाजवी काळजी घेतली होती हे दाखवायची संधी आरोपीला मिळते. पुढे कॅनडाच्या मत्स्य कायद्यात कलम ७८.६ आलं. त्यात सुटकेच्या दोन वाटा आहेत. एक, पूर्ण दक्षता घेतली होती. दुसरी, आरोपीने प्रामाणिकपणे आणि वाजवी कारणाने अशी परिस्थिती खरी मानली होती, जी खरी असती तर त्याचं कृत्य निर्दोष ठरलं असतं.

आपली मुलं ही दुसरी वाट उचलतात आणि तिथेच घात होतो. आपल्या कलम ८० मध्ये ती वाट स्पष्ट शब्दांत बंद केलेली आहे. वस्तुस्थितीबद्दल चुकीची पण वाजवी समजूत होती, हा बचाव अन्न कायद्याखाली घेताच येत नाही. म्हणजे ‘मला मासा ताजाच वाटला’ हे वाक्य कॅनडाच्या बोटवाल्याला कदाचित उपयोगी पडेल, आपल्या गल्लीतल्या मासेवालीला नाही. ते उत्तरातून काढून टाका.

मग उपयोगी काय? दोष दुसऱ्याचा आहे असं म्हणायचं असेल, तर कलम ८० काही गोष्टी एकत्र मागतं. चूक दुसऱ्याच्या कृत्यामुळे झाली, किंवा दुसऱ्याने दिलेल्या माहितीवर विसंबल्यामुळे. मालाची परिस्थितीनुसार वाजवी तपासणी तुम्ही केली, किंवा पुरवठादाराने केलेल्या तपासणीवर विसंबणं वाजवी होतं. माल तुम्ही परदेशातून आणलेला नाही. जसा घेतला तसाच विकला, किंवा मधे केलेल्या बदलामुळे नियमभंग झाला नाही. आणि तुम्हाला संशय यायला काही कारण नव्हतं. यातलं एक सुटलं तरी साखळी तुटते.

‘दुसरा’ म्हणजे कोण, याकडे नीट लक्ष द्या. तुमचा कामगार किंवा एजंट हा ‘दुसरा’ धरला जात नाही. ‘पोराने रात्री बर्फात काहीतरी मिसळलं, मी घरी होतो’ असं उत्तर देणाऱ्याने खरं तर स्वतःचाच बचाव बुडवलेला असतो. पोराला काय सांगून ठेवलं होतं, ते कुठे लिहिलेलं होतं आणि तो तसं करतो का हे कोण बघत होतं, एवढंच इथे कामाचं.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: खरेदीचं बिल. पहाटे माल उतरतो, भाव तोंडी ठरतो, फार तर पाकिटाच्या मागे आकडा लिहिला जातो आणि संध्याकाळी हिशेब. अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण कलम २६ प्रमाणे विक्रेत्याला माल देणाऱ्याने मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यायची असते आणि बिल, कॅश मेमो किंवा इन्व्हॉइस हीच ती हमी मानली जाते. वेगळा फॉर्म नसला तरी चालतो. म्हणजे ज्या चिठोऱ्याला आपण कचरा समजतो तेच आपलं कवच आहे. पुरवठादाराचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, मासळीचा प्रकार, वजन एवढं तरी त्यावर हवं. बिल मागितलं तर माल देणार नाही म्हणतात, हे मला माहीत आहे. मग निदान त्याच्याच फोनवरून त्या दिवशीच तेवढा मजकूर मेसेजने मागून घ्या. बिलाइतकं त्याचं वजन नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ आहे.

बिलाखालोखाल वही. साधी शंभर पानी. माल किती वाजता उतरला, बर्फ कुठला आणि किती, खवले-डोळे-वास कसा होता, काय परत केलं. २०१८ मध्ये गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याचा गदारोळ झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या गिऱ्हाइकांच्या मनातही ती धास्ती आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या चाचणीच्या पट्ट्या काढल्या आहेत. रोज नाही जमलं तरी नव्या पुरवठादाराच्या मालाला लावून निकाल वहीत लिहिला, तर ‘वाजवी तपासणी’ म्हणून दाखवायला हातात काहीतरी असतं. परत केलेल्या मालाची नोंद तर आवर्जून ठेवा. वर्षभरात एकदाही माल परत न केलेली वही पाहून अधिकाऱ्याला शंका येते, आणि ती यावीच.

फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. प्रकरण कोर्टात गेलं की भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. नुसत्या प्रिंटआउटवर भागत नाही. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

मुदतीबद्दल आता. नमुना घेतात त्या दिवशी त्याचे चार भाग करतात. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची मागणी आपण करू शकतो, खर्च आपला. दोन अहवाल जुळले नाहीत तर तिसरा भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल अंतिम असतो. ही मागणी तिथेच, त्याच वेळी, लेखी करायची असते. गर्दी जमलेली, माणूस घाबरलेला, पुढ्यात कन्नडमधले कागद, कोण मागणार? म्हणून आधीच सांगतोय.

दुसरी संधी अपिलाची. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध खात्याच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर) फॉर्म आठमध्ये अपील करता येतं, अहवालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत. लोक हे ३० दिवस सुनावणीच्या तारखेपासून मोजतात. सुनावणीची नोटीस येईपर्यंत मुदत कधीच उलटून गेलेली असते, आणि मग चुकीचा अहवालही खरा धरूनच पुढचं सगळं चालतं. अहवालाचं पाकीट घरी आलं की त्यावर तारीख घाला, पाकीट जपून ठेवा. कुठल्याशा सरकारी पाकिटाला हात न लावता देवघरामागे ठेवून देणारी घरं मी पाहिली आहेत.

भाषेचं सांगतो. महजर म्हणजे पंचनामा कन्नडमध्ये असतो. समजला नाही तर वाचून, समजावून सांगायला सांगा. तरीही सही करावीच लागली तर सहीखाली मराठीत लिहा: ‘मजकूर मला वाचून दाखवलेला नाही.’ तेवढी एक ओळ पुढे फार उपयोगी पडते. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. हा हक्क मराठी माणसाचाही आहे आणि तो सोडू नका. पण हक्क बजावताना प्रकरण रखडू नये म्हणून उत्तराला कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. ‘मराठी आहे’ म्हणून टेबलावर पडून राहिलेला अर्ज मुदत थांबवत नाही.

समजा दक्षता सिद्ध होण्याइतके कागद नाहीतच. तरी खोटं बिल करू नका, कुणी सुचवलं तरी. दंडाची रक्कम ठरवताना कलम ४९ प्रमाणे काय बघायचं ते ठरलेलं आहे: किती फायदा झाला, कुणाचं किती नुकसान झालं, चूक पुन्हा पुन्हा झाली का, आणि ती नकळत झाली का. ‘मला माहीत नव्हतं’ या वाक्याची खरी जागा ही. बचाव म्हणून नव्हे, दंड कमी करा या विनंतीच्या परिच्छेदात, शेवटी लिहा. सोबत पहिलीच वेळ असल्याचं आणि त्यानंतर काय सुधारलं हेही लिहा.

उत्तर दोन प्रतींत न्या. एक देऊन दुसरीवर इनवर्ड नंबर आणि तारखेचा शिक्का घ्या. ‘उद्या या, शिक्केवाले साहेब नाहीत’ म्हणाले तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने, पोहोचल्याच्या पुराव्यासह पाठवा आणि पावती बिलांच्या फाईलमध्येच लावा.