यूपीएसवरचा बॅटरी रनटाइम

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर वगैरे बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, त्याच्या डिस्प्लेवर २२ मिनिटं असं काहीतरी दिसतं ना, तो रनटाइम, म्हणजे लाईट आत्ता या क्षणाला गेली तर आत्ता जेवढा लोड (जोडलेल्या वस्तू खेचतात ती वीज) आहे तेवढ्यावर बॅटरी अंदाजे किती वेळ खेचेल. लोड बदलला की आकडा लगेच बदलतो, बॅटरी तीच असली तरी. मॉनिटर बंद करा, मिनिटं वाढलेली दिसतील. नेटवर्क यूपीएस टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा सेकंदात येतो, तिथे १३२० दिसलं की ती २२ मिनिटंच, घाबरायचं काही नाही.

लोड आणि वेळ यांचं गणित सरळ नसतं, इथेच बरेच जण फसतात. १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीत ८४ वॉट-तास, मग ८४ वॉटवर तासभर चालायला हवी? नाही चालत, जेमतेम अर्ध्या तासाच्या आसपास. कारण ते ७ एएच सहसा २० तासांच्या हिशोबाने छापलेले असतात, म्हणजे फक्त ०.३५ अँपिअर खेचला तर, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून जितका जोरात करंट ओढाल तितकी ती एकूण कमी देते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ मध्येच हे सूत्रात मांडलंय. वर इन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरीच्या डीसीचं एसी करणाऱ्या भागाचा, लॉस वेगळाच. उलट बाजूने बघितलं तर लोड निम्मा केला की वेळ दुपटीपेक्षा जास्त मिळतो.

चार्ज १०० टक्के म्हणजे बॅटरी चांगली असं मात्र नाही हं. टाकीत तळाला गाळ बसला तरी पाणी काठापर्यंतच दिसतं, तसंच हे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढलेला असतो, त्यामुळे लाईट गेली की २२ चे एकदम ९ होतात, मग ४, आणि व्होल्टेज साधारण १०.५ ला आलं की खटकन बंद. नवी बॅटरी टाकल्यावर कधी याच्या उलटं होतं, यूपीएस जुन्या हिशोबानेच कमी मिनिटं दाखवत बसतो, मग कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे बॅटरी फुल करून स्थिर लोडवर जवळजवळ पूर्ण उतरवायची. हे सारखं करू नये, प्रत्येक वेळी बॅटरी थोडी झिजतेच, आणि करताना महत्त्वाची मशीन त्यावर ठेवायची नाही, त्याऐवजी लोड म्हणून साधे फिलामेंटचे बल्ब चालतात.