पडद्यावरचा डोंगर आणि खरा डोंगर

ढगांतून उतरताना वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही, पण समोरच्या स्क्रीनवर डोंगर, दऱ्या, धावपट्टी स्पष्ट उमटतात. हे चित्र कॅमेऱ्याचं नसतं. साठवलेल्या उंचीच्या आकड्यांवरून संगणक ते काढतो. आकडे चुकले तरी चित्र तितकंच सुबक दिसतं, हाच खरा धोका.

जगाच्या अशा आकड्यांचा मोठा साठा फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांत रडारने गोळा केला. पण दाट जंगलात रडारला जमिनीऐवजी झाडोऱ्यातली उंची मिळते. उभ्या कड्यांच्या आडोशाला तर आकडेच मिळत नाहीत. त्या रिकाम्या जागा इतर नकाशांवरून भरतात, म्हणून तपासणीत त्या आधी पाहाव्यात. आंतरराष्ट्रीय निकषांत देशभरच्या माहितीला उंचीत 30 मीटरांची चूक चालते, विमानतळाच्या परिसरात फक्त 3 मीटरांची. दोन्ही आकडे 90 टक्के खात्रीचे.

उडतानाही ही माहिती पडताळता येते. अमेरिकेत ओहायो विद्यापीठात नासासाठी अशा पद्धतीवर काम झालं. जीपीएसने दिलेल्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून रेडिओ अल्टिमीटरने, म्हणजे खाली रेडिओ लहरी सोडून अंतर मोजणाऱ्या उपकरणाने, दिलेलं जमिनीपर्यंतचं अंतर वजा करायचं. जीपीएसचा अँटेना विमानाच्या पाठीवर आणि अल्टिमीटरचा पोटाखाली असतो, म्हणून त्या दोहोंमधली उंचीही वजा करायची. उरते खालच्या जमिनीची उंची. ती साठ्यातल्या आकड्याशी ताडायची. एका क्षणाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये, कारण खाली एखादी इमारत असेल किंवा विमान कललेलं असेल. म्हणून काही सेकंदांच्या फरकांच्या वर्गांची सरासरी काढतात, ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर इशारा. रेडिओ अल्टिमीटर साधारण 2500 फुटांपर्यंतच वाचतो, त्यामुळे ही पडताळणी उड्डाण आणि उतरणीच्या टप्प्यांतच होते.

सपाट मैदानावर मात्र नकाशा आडवा सरकला असेल तरी पत्ता लागत नाही, कारण शेजारची जमीनही तेवढ्याच उंचीची. ती चूक पकडायला चढउतार हवेत.

सर्वांत फसवी चूक संदर्भपातळीची, म्हणजे उंची कुठून मोजली याची. जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची, म्हणजे गणिताने ठरवलेल्या गुळगुळीत आकारापासूनची, उंची काढतो, आणि मुंबईजवळ समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या 60 मीटरांहून अधिक खाली आहे. लंबगोलावरून मोजलेले आकडे समुद्रसपाटीचे समजून भरले, तर स्क्रीनवरचा प्रत्येक डोंगर तेवढा बुटका होतो. आकार मात्र तंतोतंत जुळतो, त्यामुळे नुसते चढउतार ताडून ही चूक सापडत नाही. म्हणून आधी धावपट्टीच्या टोकाची सर्वेक्षणात मोजलेली उंची घ्यावी आणि साठ्यातला त्याच जागेचा आकडा तिच्याशी जुळतो का ते पाहावं.