प्लेटची रिकामी भोकं

घरात कुणाचा एक्स-रे आला की तो खिडकीच्या उजेडात धरून बघायची आपल्याकडे रीतच आहे. शेजारच्या काकांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा ऑपरेशननंतरची फिल्मही अशीच हातोहात फिरली. लांबलचक प्लेट, वर चार स्क्रू, खाली चार आणि हाडाचा जिथे चुरा झाला होता नेमकी तिथली भोकं रिकामी. त्यांच्या मुलाने हळूच विचारलं, "स्क्रू कमी पडले का हो?" शंका रास्त होती, पण उत्तर जरा लांबचं आहे.

मोडलेलं हाड बाहेरून बांधायचं, एवढंच माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू बांधायला सांगितला आहे; आपल्याकडचे हाडवैद्य अजूनही कामट्या बांधतात. १८५२ मध्ये डच लष्करी डॉक्टर अँटोनियस माथायसेन यांनी प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या, त्याही बाहेरूनच. आत हात घालावा तर जखम चिघळून माणूस दगावायचा. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जंतूंचा बंदोबस्त करून दाखवला, १८७७ मध्ये मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून चांदीच्या तारेने बांधली, तेव्हा कुठे हाडाकडे जायची वाट मोकळी झाली.

त्या वाटेने हॅम्बर्गचे कार्ल हान्समान १८८६ मध्ये प्लेट घेऊन गेले. निकेलचा मुलामा दिलेल्या पत्र्याची पट्टी, तिचं एक टोक काटकोनात वळवून कातडीच्या बाहेर काढलेलं, स्क्रूचे दांडेही बाहेर डोकावणारे. चार-आठ आठवड्यांनी पुन्हा चीर न देता सगळं उपसून काढता यावं म्हणून. आज चित्र बघितलं तरी अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक दांडा म्हणजे जंतूंना आत शिरायला उघडं दार. पण प्लेट आणि स्क्रूने हाड धरायची कल्पना कागदावर आली ती इथेच. आणि हे एक्स-रेचा शोध लागायच्या नऊ वर्षं आधी!

लंडनचे आर्बथनॉट लेन यांनी ते दार बंद केलं. त्यांचा दंडक असा की जखमेत बोट घालायचं नाही. जे काही करायचं ते लांब दांड्याच्या हत्यारांनी. हाड पकडायचा त्यांच्या नावाचा चिमटा आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये अजून असतो, 'लेन्स द्या' म्हटलं की सिस्टर तो पुढे करतात. प्लेट मात्र गंजायच्या आणि भोकापाशी मोडायच्या. अँटवर्पचे आल्बिन लाँबोट हे व्हायोलिन बनवणारे सर्जन. हत्यारं आणि प्लेटही ते स्वतः घडवत, आणि 'ऑस्टिओसिंथेसिस', म्हणजे मोडलेलं हाड प्लेट-स्क्रूने जोडणं, हा शब्द त्यांनीच रूढ केला. १९१२ च्या सुमारास पिट्सबर्गच्या पोलाद कंपनीचे सर्जन विल्यम शर्मन यांनी व्हॅनेडियम पोलादाची, जास्त मजबूत घाटाची प्लेट आणली. गंजाचं दुखणं पुढे ३१६ एल जातीच्या स्टेनलेस स्टीलने आणि टायटॅनियमने बरंच आवरलं.

तरी धातू हा अर्धाच प्रश्न होता. ब्रसेल्सचे रॉबेर दानिस यांनी प्लेटच्या टोकाला एक आडवा स्क्रू ठेवला; तो पिळला की हाडाचे दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जात. मग त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. एरवी हाड जुळताना भोवती नव्या हाडाची गाठ धरते, डॉक्टर तिला कॅलस म्हणतात. इथे गाठ नाहीच, हाड थेट हाडाला मिळालेलं. १९४९ च्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं, आणि १९५० मध्ये स्वित्झर्लंडचे तरुण सर्जन मॉरिस म्युलर त्यांच्याकडे जाऊन सगळं पाहून आले.

६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील गावी म्युलर, आल्गव्हर, विलेनेगर, श्नायडर वगैरे स्विस सर्जननी हाडं जोडण्याच्या प्रश्नांवर काम करणारा एओ (जर्मन नावाची आद्याक्षरं) नावाचा गट काढला. बेटलाखचे रॉबर्ट माथिस यांनी त्यांना हत्यारं करून दिली, आणि घड्याळाच्या स्प्रिंगांचे मिश्रधातू बनवण्यात मुरलेल्या स्ट्राउमान यांच्या संस्थेने धातूची बाजू सांभाळली. मिलिमीटरच्या अंशात बोलायची या लोकांना सवयच. ४.५ मिमीच्या स्क्रूला ३.२ चं ड्रिल, ३.५ च्या स्क्रूला २.५ चं, हे आकडे आमचे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, आजही झोपेत सांगतात.

खरी करामत स्क्रूची आहे, प्लेटची नाही. तिरक्या मोडीत हाडाच्या अलीकडच्या भिंतीला ४.५ चं सैल भोक पाडायचं, पलीकडच्या भिंतीला ३.२ चं, आणि आटे फक्त पलीकडे पाडायचे. स्क्रू पिळला की त्याचं मुंडकं अलीकडच्या तुकड्याला दाबत नेतं, फट मिटते. दोन फळ्या घट्ट करताना सुतार हेच करतो. अलीकडच्या फळीलाही आटे पडले तर कितीही पिळा, फट तशीच राहते. १९६९ च्या डीसीपी, म्हणजे डायनॅमिक कॉम्प्रेशन प्लेटमध्ये हा दाब भोकातच बसवला. भोक लांबट, त्याच्या एका टोकाला उतार. तिथे स्क्रू बाहेरच्या कडेला धरून घातला की मुंडकं उतारावरून घसरतं आणि हाड सुमारे एक मिलिमीटर आत सरकतं. इतकं साधं की पहिल्यांदा पाहिलं की हसूच येतं.

मग घट्टपणाची चढाओढ सुरू झाली. एक्स-रेत कॅलस दिसला तर 'फिक्सेशन हललं', म्हणजे जोड सैल झाला, म्हणायची पद्धत पडली. निसर्गाच्या कामाला नापास करणारी ही शिस्त मला नेहमीच जरा उद्धट वाटत आली आहे. तिची किंमतही हळूहळू कळली. प्लेट बसवायला हाड लांबवर सोलावं लागे, वर ती दाबून बसे, आणि खालच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते सच्छिद्र होई. प्लेट काढल्यावर काहींचं हाड पुन्हा मोडे. म्हणून आजही दीड-दोन वर्षांच्या आत ती काढायची घाई डॉक्टर करत नाहीत, आणि हाताच्या प्लेट तर बऱ्याचदा तशाच राहू देतात.

१९९० च्या सुमारास प्लेटच्या पोटाला खाचा आल्या, हाडावर कमी टेकावी म्हणून. २००० नंतर लॉकिंग प्लेट रुळली. तिच्यात स्क्रूच्या मुंडक्यालाही आटे असतात, ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत अडकतात. साधी प्लेट हाडावर दाबून, घर्षणावर उभी असते. ही हाडापासून किंचित दूर राहूनही सांगाड्यासारखी भार घेते. म्हणून म्हातारपणाच्या ठिसूळ हाडातही पकड टिकते, आणि चुरा झालेला भाग न उघडता लहानशा चिरेतून प्लेट स्नायूंखालून सरकवता येते. मोडीपाशी किंचित हालचाल होते, गाठ धरते. तोच जुना कॅलस, फक्त आता डॉक्टर त्याची वाट बघतात.

म्हणूनच काकांची मधली भोकं रिकामी. तिथे स्क्रू घालायचे तर चुऱ्यातले तुकडे डिवचले गेले असते, त्यांचं उरलंसुरलं रक्तही तुटलं असतं. शिवाय मोडीच्या दोन्ही अंगांना अगदी लगत स्क्रू ठोकले, तर सगळा वाक प्लेटच्या मधल्या तेवढ्याशा तुकड्यात एकवटतो आणि ती तिथेच मोडते, लेन यांच्या प्लेट भोकापाशी मोडायच्या तशीच. तीन-चार भोकं मोकळी सोडली की तोच वाक लांबवर वाटला जातो.